मराठीचे सचिन्ह रोमन लिप्यंतर

मराठीचे सचिन्ह रोमन लिप्यंतर म्हणजे देवनागरीत लिहिलेली मराठी नावे व शब्द रोमन लिपीत लिहिताना रोमन अक्षराच्या वर किंवा खाली रेघ, टिंब, वर्तुळ यांसारखे चिन्ह जोडून देवनागरीतील अक्षरांचे परस्परभेद राखण्याची पद्धत होय. अशा चिन्हांना भेदचिन्हे म्हणतात. ग्रंथालयांच्या सूची, संस्कृत व मराठीचे संशोधनपर ग्रंथ, शब्दकोश आणि विद्यापीठीय लेखन यांत ही पद्धत रूढ आहे. दैनंदिन व्यवहारात मात्र रोमन मराठी बहुधा चिन्हांविना लिहिली जाते. भेदचिन्हांसह लिहिलेल्या नावाचे मूळ देवनागरी रूप पुन्हा अचूक मिळवता येते. चिन्हे गाळल्यास ते मिळेलच याची खात्री राहत नाही.

या लेखात रोमन अक्षरांचा उल्लेख त्यांच्या नावांनी (ए, डी, एल, एन, टी इत्यादी) केला आहे. वर आडवी रेघ असलेल्या अक्षराला 'रेघेचा ए', तर खाली टिंब असलेल्या अक्षराला 'टिंबाचा एल' असे म्हटले आहे.

== गरज ==

रोमन वर्णमालेत २६ अक्षरे आहेत. त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ, तसेच अ आणि आ या जोड्यांतील दोन्ही वर्णांसाठी तीत स्वतंत्र अक्षरे नाहीत. त्यामुळे साध्या रोमन लेखनात या प्रत्येक जोडीला एकच अक्षर वापरावे लागते. स्थानिक वाचकाला नाव आधीच ठाऊक असल्याने तो उणीव स्मरणाने भरून काढतो. परक्या वाचकाला आणि संगणकाला तसे करता येत नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांतील स्थलनामांत हा प्रश्न स्पष्टपणे दिसतो. वेल्हे तालुक्यातील केळद या गावाचे नाव रोमन लिपीत के, ई, एल, ए, डी या पाच अक्षरांनी लिहिले जाते. यातील एल म्हणजे ल किंवा ळ, ए म्हणजे अ किंवा आ आणि डी म्हणजे द किंवा ड असू शकतो. म्हणजेच जोडाक्षरांचा विचार न करताही या एका रोमन रूपाची केलद, केळद, केलाद, केळाद, केलड, केळड, केलाड आणि केळाड अशी आठ वाचने संभवतात. त्यांपैकी बरोबर एकच आहे.

केळदजवळच्या मढे घाटाचे नावही असेच आहे. तानाजी मालुसरे यांचे पार्थिव सिंहगडावरून याच वाटेने कोकणात उमरठ्याला नेले गेले आणि त्यावरून घाटाला हे नाव पडले, अशी परंपरा सांगितली जाते. साध्या रोमन लेखनात मढे आणि मधे यांत भेद राहत नाही. त्यामुळे चुकीचे वाचन झाल्यास नावाबरोबर त्यामागची आठवणही पुसली जाते. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर असलेल्या भाटघर धरणाचे नाव त्याच कारणाने भातघर, भटघर किंवा भतघर असेही वाचता येते.

== लिप्यंतराच्या पद्धती ==

मराठीसाठी मुख्यतः तीन पद्धतींचा विचार करावा लागतो.

'''हंटेरियन पद्धत''' ही सर विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाते. भारत सरकारच्या नकाशांत व शासकीय व्यवहारात स्थलनामांचे रोमन लेखन मुख्यतः तिच्या आधारे होते. तीत दीर्घ स्वरांसाठी चिन्हाची सोय आहे, परंतु दंत्य व मूर्धन्य व्यंजनांत (उदा. त आणि ट) भेद केला जात नाही. व्यवहारात स्वरांवरील चिन्हेही बहुधा गाळली जातात.

'''आय.ए.एस.टी.''' ही संस्कृतसाठीची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. १८९४ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत ठरलेल्या लिप्यंतरावर ती आधारलेली आहे.

'''आय.एस.ओ. १५९१९''' हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक आहे. संस्कृतबरोबरच आधुनिक भारतीय भाषांची अक्षरेही त्यात विचारात घेतली असल्याने मराठीला ते अधिक सोयीचे आहे. त्यातील मराठीशी संबंधित मुख्य नियम पुढीलप्रमाणे आहेत:

* आ, ई, ऊ – ए, आय आणि यू वर आडवी रेघ.
* ए, ओ – ई आणि ओ वर आडवी रेघ. द्राविडी भाषांतील ऱ्हस्व ए-ओ वेगळे दाखवता यावेत, यासाठी ही तरतूद आहे.
* ट, ड, ण – टी, डी आणि एन खाली टिंब. ठ आणि ढ यांसाठी त्यापुढे एच.
* ळ – एल खाली टिंब.
* श – एस वर तिरकी रेघ. ष – एस खाली टिंब.
* ङ – एन वर टिंब. ञ – एन वर नागमोडी रेघ.
* अनुस्वार – एम वर टिंब. विसर्ग – एच खाली टिंब.
* ऋ – आर खाली लहान वर्तुळ.
* ऱ – आर खाली आडवी रेघ.
* ॲ, ऑ – ई आणि ओ वर छपरासारखे टोकदार चिन्ह.

आय.ए.एस.टी.मध्ये अनुस्वार एम खाली टिंब देऊन आणि ऋ आर खाली टिंब देऊन दाखवतात. टिंबाच्या एलबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. आय.एस.ओ. १५९१९ मध्ये तो ळ दाखवतो, तर आय.ए.एस.टी.मध्ये ऌ हा स्वर. म्हणून मराठी मजकूर सचिन्ह रोमनमध्ये देताना कोणती पद्धत वापरली आहे, ते नमूद करण्याची प्रथा आहे.

रेघेचा आर हा मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. देवनागरीत हा भेद रफार आणि ऱ यांनी दाखवला जातो. साध्या रोमन लेखनात दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. सह्याद्रीच्या वर्णनात हा घोटाळा क्षुल्लक ठरत नाही.

== स्थलनामांची उदाहरणे ==

आय.एस.ओ. १५९१९ प्रमाणे भोर व वेल्हे परिसरातील काही नावांचे लेखन पुढीलप्रमाणे होते. अक्षरनिष्ठ लिप्यंतरात शब्दाच्या अखेरीस अनुच्चारित असणारा अकारही लिहिला जातो.

* '''भोर''' – बी, एच, रेघेचा ओ, आर, ए.
* '''वेल्हे''' – व्ही, रेघेचा ई, एल, एच, रेघेचा ई. एलखाली टिंब नसल्यामुळे येथे ळ नसून ल आहे, हे निश्चित होते.
* '''केळद''' – के, रेघेचा ई, टिंबाचा एल, ए, डी, ए.
* '''तोरणा''' – टी, रेघेचा ओ, आर, ए, टिंबाचा एन, रेघेचा ए. टीखाली टिंब नाही, म्हणून आरंभी ट नसून त आहे.
* '''मढे''' – एम, ए, टिंबाचा डी, एच, रेघेचा ई.
* '''राजगड''' – आर, रेघेचा ए, जे, ए, जी, ए, टिंबाचा डी, ए.

वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. या नावातील शेवटचा वर्ण ड आहे. हिंदी प्रदेशांतील 'राजगढ़' या नावाच्या अखेरीस नुक्ता असलेला ढ येतो आणि आय.एस.ओ. १५९१९ मध्ये तो टिंबाचा आर व त्यापुढे एच असा लिहिला जातो. मराठी 'गड' आणि हिंदी 'गढ़' हे सजातीय शब्द असूनही सचिन्ह लेखनात त्यांची रूपे वेगळी राहतात.

== इतिहास ==

रोमन लिपीत मराठी लिहिण्याची परंपरा संगणकाहून बरीच जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्याची भाषा मराठी असली, तरी देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने त्याची छपाई रोमन लिपीत झाली. गोव्यातील रोमी कोंकणीत मूर्धन्य वर्णांसाठी आजही टिंबाऐवजी टी, डी यांसारखी अक्षरे दोनदा लिहिण्याचा प्रघात आढळतो. चिन्हांविना भेद राखण्याची ती एक वेगळी युक्ती आहे.

सर विल्यम जोन्स यांनी आशियाई शब्दांच्या रोमन लेखनाविषयीचा आपला निबंध १७८८ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात प्रशासनाला गावे, तालुके व महसुली नोंदी यांच्या एकरूप रोमन लेखनाची गरज भासू लागली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये दीर्घ आ दाखवण्यासाठी ए वर तिरकी रेघ दिलेली आढळते. 'ठाणे' व 'नाशिक' या खंडांच्या शीर्षकांतही ती आहे. या मालेतील पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९०७ ते १९०९ या काळात निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरने तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ स्वीकारली. स्वरांची दीर्घता त्यात दाखवली गेली, पण दंत्य-मूर्धन्य भेदाची टिंबे गाळली गेली.

टिंबे नाहीशी होण्याचा दोष केवळ संगणकाचा नाही, हे यावरून दिसते. छापखान्यातील खिळे, तारयंत्र आणि इंग्रजी टंकलेखन यंत्र यांनी ती आधीच दुर्मीळ केली होती. संगणकाने सुरुवातीला हीच स्थिती कायम ठेवली.

== संगणकातील संकेतन ==

संगणक अक्षर साठवत नाही. अक्षरासाठी ठरवलेला क्रमांक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, याच्या कोष्टकाला संकेतावली म्हणतात. कोष्टकात ज्या अक्षराला जागा नाही, ते अक्षर संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

=== ॲस्की आणि लॅटिन-१ ===

१९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या अमेरिकी संकेतावलीत १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे तीत सामावली. चिन्हांकित अक्षरांना जागा उरली नाही.

पश्चिम युरोपीय भाषांसाठी पुढे आठ बिटांची, २५६ जागांची लॅटिन-१ ही संकेतावली आली. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषांची चिन्हांकित अक्षरे तीत होती. त्यामुळे गोव्यातील जुनी पोर्तुगीज नावे त्यांच्या चिन्हांसह लिहिणे शक्य झाले. कॅम्पबेल यांच्या गॅझेटियरमधील तिरक्या रेघेचा ए हादेखील तीत होता. मात्र आडव्या रेघेचा ए आणि टिंबाचे टी, डी, एन, एल नव्हते. म्हणजे पोर्तुगीज नावे चिन्हांसह लिहिता येत, पण केळदचे नाही.

=== तात्पुरते उपाय ===

या काळात अभ्यासकांनी दोन मार्ग अवलंबले. पहिला मार्ग खास टंकांचा (फाँटचा) होता. त्यात संकेतावलीतील एखाद्या अनावश्यक चिन्हाच्या जागी टिंबाचे अक्षर बसवले जाई. संस्कृतज्ञांच्या १९९० मधील व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेत यासाठी एक सामाईक कोष्टक ठरवण्याचा प्रयत्न झाला. तरीही तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसे. युनिकोडपूर्व देवनागरी टंकांच्या बाबतीत मराठी वापरकर्त्यांना आलेला अनुभवही असाच होता.

दुसरा मार्ग मोठ्या व लहान रोमन अक्षरांत भेद करण्याचा होता. हार्वर्ड-क्योटो आणि आयट्रान्स या पद्धती त्यावर आधारलेल्या आहेत. आयट्रान्समध्ये लहान एल म्हणजे ल, तर मोठा एल म्हणजे ळ. लहान टी म्हणजे त, तर मोठा टी म्हणजे ट. ही पद्धत साध्या कळफलकावर चालते. परंतु मोठे अक्षर अशा रीतीने राखून ठेवल्यामुळे विशेषनामाची सुरुवात मोठ्या अक्षराने करण्याचा रोमन लिपीतील संकेत पाळता येत नाही.

भारतीय भाषांसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक स्वीकारले. भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक मांडणी हे त्याचे सूत्र होते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) या तंत्राच्या प्रसारात मोठा वाटा उचलला.

=== युनिकोड ===

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतावली, हे तिचे उद्दिष्ट आहे. रेघेच्या ए या लहान अक्षराचा सोळाआधारी संकेतांक ०१०१ आहे. टिंबाची बहुसंख्य अक्षरे 'विस्तारित लॅटिन पुरवणी' या विभागात आहेत; टिंबाच्या लहान एलचा संकेतांक १ई३७ आणि टिंबाच्या लहान एनचा १ई४७ आहे. देवनागरी ळ चा संकेतांक ०९३३, तर ऱ चा ०९३१ आहे.

युनिकोडमध्ये चिन्हांकित अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. पहिल्या प्रकारात संपूर्ण अक्षरासाठी एकच संकेतांक असतो. दुसऱ्या प्रकारात आधी मूळ अक्षर आणि त्यामागोमाग सुटे जोडचिन्ह असते. खालच्या टिंबाचा सुटा संकेतांक ०३२३ आणि वरच्या आडव्या रेघेचा ०३०४ आहे. म्हणून टिंबाचा एल १ई३७ या एका संकेताने किंवा साधा एल अधिक ०३२३ अशा दोन संकेतांनी साठवता येतो.

डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या स्मृतीत ती भिन्न असतात. एका रूपात साठवलेले केळद दुसऱ्या रूपात शोधल्यास, आज्ञावलीने योग्य काळजी घेतली नसेल, तर ते सापडत नाही. यावर उपाय म्हणून युनिकोडने प्रमाणीकरणाचे नियम ठरवले आहेत. संयुक्त प्रमाणरूपात शक्य तेथे एकच संकेतांक वापरला जातो, तर विघटित प्रमाणरूपात अक्षर आणि चिन्ह वेगळे केले जातात. तुलना करण्यापूर्वी दोन्ही मजकूर एकाच प्रमाणरूपात आणणे आवश्यक असते.

काही अक्षरांना एकच संकेतांक मिळालेला नाही. आय.एस.ओ. १५९१९ मध्ये 'कृष्णा' या नावातील ऋ साठी लागणारा वर्तुळाचा आर नेहमी दोन संकेतांनीच लिहावा लागतो. टंक चांगला नसल्यास ते वर्तुळ अक्षराखाली न बसता बाजूला सरकते.

यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत साधे रोमन अक्षर एक बाइट, रेघेचा ए दोन बाइट आणि टिंबाचा एल तीन बाइट जागा घेतो. देवनागरी अक्षरालाही तीन बाइट लागतात. अर्जातील रकान्याची मर्यादा बाइटांत मोजलेली असेल, तर सचिन्ह नाव अपेक्षेपेक्षा लवकर तुटते. यूटीएफ-८ मधील मजकूर लॅटिन-१ समजून उघडल्यास प्रत्येक चिन्हांकित अक्षराच्या जागी दोन-तीन असंबद्ध चिन्हे दिसतात.

== टंकलेखन ==

चिन्हांकित अक्षरासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ नसते; ते मिळवण्याचे मार्ग संगणकप्रणालीनुसार बदलतात.

'''थांबकळ''' ही कल्पना टंकलेखन यंत्रातून आली. यंत्रावरील काही कळा दाबल्या असता चिन्ह उमटे, पण गाडा पुढे सरकत नसे. पुढचे अक्षर त्याच जागी उमटे. संगणकावरही असेच आधी चिन्हाची कळ आणि मग अक्षराची कळ दाबली जाते. विंडोजमधील अमेरिकी-आंतरराष्ट्रीय कळफलक या तत्त्वावर चालतो. त्यातून तिरक्या व नागमोडी रेघेची अक्षरे मिळतात, मात्र आडवी रेघ आणि खालचे टिंब मिळत नाही.

'''मॅक''' संगणकावरील 'एबीसी विस्तारित' कळफलकात ऑप्शन कळीसह ए दाबून नंतर स्वर टंकल्यास त्यावर आडवी रेघ येते. ऑप्शनसह एक्स दाबून नंतर व्यंजन टंकल्यास त्याखाली टिंब येते.

'''लिनक्स'''वर कंपोज कळ निश्चित करून घेता येते. कंपोज, उद्गारचिन्ह आणि डी या क्रमाने टिंबाचा डी, तर कंपोज, अधोरेखा आणि ए या क्रमाने रेघेचा ए उमटतो.

'''वर्ड''' या लेखन-आज्ञावलीत संकेतांक टंकून लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्यास त्याचे अक्षरात रूपांतर होते. एखाद-दुसऱ्या अक्षरासाठी हा मार्ग पुरेसा आहे.

'''भ्रमणध्वनी'''वर अक्षर दाबून धरल्यास त्याच्या चिन्हांकित रूपांची पट्टी दिसते. तीत रेघेचे स्वर बहुधा असतात, टिंबाची व्यंजने बहुधा नसतात.

मराठी टंकलेखन येणाऱ्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मजकूर देवनागरीत टंकणे आणि 'अक्षरमुख'सारख्या लिपीपरिवर्तक आज्ञावलीने त्याचे सचिन्ह रोमनमध्ये रूपांतर करणे. लिप्यंतर नियमबद्ध असल्याने हे काम यंत्राला अचूक जमते. उलट दिशेने, चिन्हांविना रोमनमधून देवनागरीकडे येताना यंत्राला अंदाज बांधावा लागतो.

== वापर ==

अमेरिकेतील ग्रंथालय संघटना आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संयुक्त कोष्टकांत मराठीसाठी स्वतंत्र कोष्टक असून त्यातही ळ टिंबाच्या एलने दाखवला जातो. त्यानुसार मराठी ग्रंथांची व लेखकांची नावे अनेक परदेशी ग्रंथालयांच्या सूचींत सचिन्ह रोमनमध्ये नोंदवली जातात. या सूचींच्या जुन्या संकेतावलीत चिन्ह मूळ अक्षराच्या आधी साठवले जाई, तर युनिकोडमध्ये ते अक्षरानंतर येते. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना हा क्रम उलटावा लागतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता जपानमध्ये मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली आणि केंब्रिजमध्ये जॉन स्मिथ यांनी ती सुधारली. अशा संहितांमुळे रोमन लिप्यंतरातील मजकुराचा संगणकीय शोध व तुलना करणे अभ्यासकांना शक्य झाले.

== मर्यादा ==

सचिन्ह लिप्यंतर हे लिपीचे रूपांतर आहे, उच्चाराची नोंद नव्हे. मराठीत च, ज, झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत; देवनागरीत ते वेगळे दाखवले जात नसल्याने लिप्यंतरातही दिसत नाहीत. 'भोर' या शब्दाच्या अखेरीस लिहावा लागणारा ए मराठी न जाणणाऱ्या वाचकाला 'भोरा' असा उच्चार सुचवू शकतो. म्हणून काही लेखक अनुच्चारित अकार गाळून बाकीची चिन्हे ठेवतात.

पारपत्राच्या यंत्रवाचनीय पट्टीत आंतरराष्ट्रीय नियमानुसार चिन्हविरहित मोठी रोमन अक्षरे, अंक आणि रिक्त जागा भरण्याचे एक चिन्ह एवढेच चालते. शोधयंत्रे अनेकदा चिन्हांकडे दुर्लक्ष करतात. त्यामुळे चिन्हे न टंकताही नाव सापडते, परंतु ल व ळ असलेली भिन्न नावे एकत्र येतात.

या मर्यादा लक्षात घेता फलक, नकाशे व नोंदी यांसाठी देवनागरी नाव हेच मूळ मानणे आणि रोमन रूप त्यावरून तयार करणे हा सुरक्षित क्रम ठरतो. तलाठी दप्तरातील गावांची नावे देवनागरीतच असल्याने हे मूळ हाताशी असते. चिन्हविरहित रोमन रूपावरून देवनागरी नाव पुन्हा बनवल्यास केळदचे केलाड किंवा भाटघरचे भातघर होण्याचा संभव राहतो, आणि असे चुकीचे रूप एकदा नोंदीत शिरले की पुढील प्रती त्यावरूनच निघतात.

== हे सुद्धा पहा ==

* देवनागरी
* युनिकोड
* लिप्यंतर
* ळ
* रोमी कोंकणी
* भोर तालुका
* राजगड तालुका